वजिराचे ताट

बिदरचा भव्य मदरसा बांधणारा महमूद गवान आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या ताटाची हकीकत मात्र थोड्यांच्याच ऐकिवात असेल. इराणातील गिलान प्रांताचा हा व्यापारी 1453 च्या सुमारास बिदरास आला आणि पुढे बहामनी राज्याचा वजीर झाला. 1472 मध्ये त्याने गोवे जिंकले. त्याच साली मदरसाही उभा राहिला. परंतु इतिहासकार फेरिश्ता सांगतो की, एवढ्या मोठ्या वजिराचे जेवण मातीच्या भांड्यांत शिजे, निजावयास चटई असे. मुदपाकाचा खर्च तो स्वतःच्या व्यापाराच्या नफ्यातून करी. उरलेले गोरगरिबांस वाटी.

घात केला तो दुसऱ्यांच्या मद्याने. शत्रूंनी त्याचा शिक्का राखणाऱ्या गुलामास दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला, त्यावर राजद्रोहाचे पत्र लिहिले आणि नशेत असलेल्या तिसऱ्या महंमदशहास दाखविले. 5 एप्रिल 1481 रोजी कोंडपल्लीच्या छावणीत सत्तरीच्या वजिराचा शिरच्छेद झाला. मग खजिना उघडला. सुलतानाने अपार धनाची अपेक्षा केली होती. हाती आली ती चटई आणि मातीची भांडी. पुढल्याच वर्षी, 1482 मध्ये, मद्याने खंगलेला सुलतानही गेला.