संत कामिल्लस डी लेल्लिस

महोत्सवाच्या प्रसंगीं हातून झालेल्या कार्याचा हिशोब मांडण्याकडे आपलें मन सहज वळतें. तें योग्यच आहे. परंतु यशानें नव्हे, तर पदरीं आलेल्या अपयशानें ज्यांना देवाजवळ नेलें, अशा एका संताचें चरित्र या वेळीं वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटतें.

संत कामिल्लस यांचा जन्म इटलींतील आब्रुत्सी प्रांतांत बुक्कियानिको या गांवीं ता. २५ मे १५५० रोजीं झाला. आई लहानपणींच देवाघरीं गेली. वडील सैनिक होते. अंगानें धिप्पाड व स्वभावानें तापट अशा कामिल्लस यांनींहि तोच पेशा पत्करला व व्हेनिसच्या सैन्यांतून ते तुर्कांशीं लढले. परंतु तुर्कांहून प्रबळ शत्रु त्यांच्या अंतःकरणांत दडला होता. तो म्हणजे जुगाराचें व्यसन. त्यांतच पायाला एक जखम झाली, ती कांहीं केल्या भरेना. १५७१ सालीं उपचारासाठीं ते रोमच्या सान जाकोमो रुग्णालयांत राहिले व तेथेंच चाकरीहि करूं लागले. पण पत्ते व भांडणें यांपायीं त्यांना तेथून घालवून देण्यांत आलें. पुढें १५७४ सालीं नेपल्स शहरीं ते सर्वस्व हरले. अंगांतला सदराहि उरला नाहीं, असें चरित्रकार सांगतात. काल तलवार मिरविणारा शिपाई मान्फ्रेदोनिया येथें चर्चच्या दारांत भीक मागूं लागला.

तेथील कापुचिन मठाच्या बांधकामावर त्यांना मजुरी मिळाली. एका मठाधिपतींनीं केलेला उपदेश त्यांच्या मनांत घोळत राहिला, आणि ता. २ फेब्रुवारी १५७५ रोजीं, वाटेनें जात असतांना, त्यांनीं तेथेंच गुडघे टेकले व रडत देवाची क्षमा मागितली.

आतां मार्ग सुकर झाला असेल, असें आपणांस वाटेल. तसें झालें नाहीं. कापुचिन संघांत त्यांचा प्रवेश झाला. पण झग्याच्या घर्षणानें जखम पुन्हां उघडली व त्यांना परत पाठविण्यांत आलें. जखम बरी होतांच ते पुन्हां गेले. पुन्हां तोच प्रकार झाला. पहिलें अपयश पापाचें फळ होतें. हें मात्र सद्धेतूच्या वाट्यास आलें, म्हणूनच तें अधिक कठीण. अपमान व नम्रता हीं एक नव्हेत. अपमान जुगाऱ्यासहि भोगावा लागतो. तो देवाच्या हातून स्वीकारला, तरच त्याची नम्रता होते.

कामिल्लस यांनीं तो स्वीकारला. ज्या रुग्णालयांतून ते हांकलले गेले होते, तेथेंच ते सेवक म्हणून परतले. पगारी नोकर रुग्णांची किती हेळसांड करितात हें त्यांनीं पाहिलें, आणि स्वतः रुग्ण असल्यामुळें तें दुःख त्यांना उमगलें. १५८२ सालीं प्रेमापोटीं शुश्रूषा करणाऱ्यांचा संघ काढण्याचा विचार त्यांना सुचला. वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं ते लहान मुलांच्या वर्गांत लॅटिन शिकावयास बसले, व १५८४ सालीं धर्मगुरु झाले. १५८६ सालीं पोप सिक्स्तुस पांचवे यांनीं त्यांच्या मंडळींस झग्यावर तांबडा क्रूस धारण करण्याची अनुज्ञा दिली. महामारीच्या रोग्यांचीहि सेवा करण्याचें व्रत ते घेत. रुग्णांत कामिल्लस यांना प्रत्यक्ष ख्रिस्त दिसे. १६०७ सालीं त्यांनीं संघाचें प्रमुखपदहि सोडलें.

ती जखम मात्र कधींच भरली नाहीं. ता. १४ जुलै १६१४ रोजीं रोम येथें त्यांचें देहावसान झालें. १७४६ सालीं ते संत म्हणून घोषित झाले. १८८६ सालीं रुग्णांचे व १९३० सालीं परिचारिकांचे आश्रयदाते ठरले.

आपल्याहि जीवनांत अशी एखादी न भरणारी जखम असते. सुटतां न सुटणारी संवय, मोडलेला संकल्प, पापनिवेदनांत पुन्हां पुन्हां सांगावा लागणारा तोच अपराध. ती लपवूं नये व तिच्यापायीं निराशहि होऊं नये. ती देवापुढें उघडी करून शेजारच्या दुःखिताकडे वळावें. महोत्सवाच्या या वर्षीं संत कामिल्लस आपणां सर्वांसाठीं हीच कृपा मागोत.