शर्मन केंट
शर्मन केंट (१ डिसेंबर, १९०३:शिकागो, इलिनॉय, अमेरिका - ११ मार्च, १९८६:वॉशिंग्टन, डी.सी., अमेरिका) हे अमेरिकन इतिहासकार आणि गुप्तवार्ता विश्लेषक होते. अमेरिकेतील गुप्तवार्ता विश्लेषणाचे जनक म्हणून त्यांना ओळखले जाते. १९५२ ते १९६७ या काळात ते सी.आय.ए.च्या राष्ट्रीय अंदाज मंडळाचे अध्यक्ष होते. १९६२ साली सोव्हिएत संघ क्यूबामध्ये क्षेपणास्त्रे ठेवणार नाही असा निष्कर्ष याच मंडळाने काढला होता व तो चुकीचा ठरला.

सुरुवातीचे जीवन
केंट यांचे वडील विल्यम केंट हे कॅलिफोर्नियातून निवडून आलेले अमेरिकन काँग्रेसचे सदस्य होते, तर आई एलिझाबेथ थॅचर केंट स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत सक्रिय होत्या. केंट यांनी येल विद्यापीठातून १९३३ मध्ये इतिहासात डॉक्टरेट मिळवली आणि तेथेच अध्यापन केले. एकोणिसाव्या शतकातील फ्रान्सचे राजकारण, विशेषतः निवडणुका, हा त्यांचा अभ्यासविषय होता. १९४१ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी इतिहासलेखनाच्या पद्धतीवर एक पुस्तक लिहिले. पुरावा तपासणे, पूर्वग्रह ओळखणे आणि नेमके लिहिणे या त्यातील अपेक्षा त्यांनी पुढे विश्लेषकांकडूनही ठेवल्या.

गुप्तवार्ता क्षेत्रात प्रवेश
१९४१ साली केंट वॉशिंग्टनमधील नव्या गुप्तवार्ता कार्यालयात दाखल झाले. हेच कार्यालय पुढे ऑफिस ऑफ स्ट्रॅटेजिक सर्व्हिसेस (ओ.एस.एस.) झाले. त्याच्या संशोधन व विश्लेषण शाखेत ते आफ्रिका विभागाचे प्रमुख होते. १९४२ मधील उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेपूर्वी या विभागाने तेथील बंदरे, रेल्वे आणि रस्ते यांवर अहवाल तयार केले. त्यातील बराच मजकूर ग्रंथालयांतील उघड साधनांतून मिळवलेला होता.

युद्धानंतर केंट येलला परतले आणि १९४९ मध्ये त्यांचे स्ट्रॅटेजिक इंटेलिजन्स फॉर अमेरिकन वर्ल्ड पॉलिसी हे पुस्तक प्रकाशित झाले. विश्लेषकाने धोरणकर्त्याच्या गरजा ओळखण्याइतके त्याच्या जवळ असावे, पण त्याला हवे तेच सांगू लागेल इतके जवळ जाऊ नये, असे त्यांनी त्यात मांडले. या पुस्तकावर विलमूर केंडल यांनी त्याच वर्षी टीका केली. त्यांच्या मते केंट भविष्याकडे आधीच ठरून गेलेली आणि फक्त वाचायची राहिलेली गोष्ट म्हणून पाहत होते. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंचे निर्णय एकमेकांना आकार देत असतात. तेरा वर्षांनंतर या आक्षेपाला वेगळेच वजन आले.

शब्द आणि शक्यता
१९५० मध्ये राष्ट्रीय अंदाज मंडळ स्थापन झाले तेव्हा केंट पुन्हा सरकारी सेवेत आले. १९५१ मध्ये मंडळाने युगोस्लाव्हियावर हल्ल्याची गंभीर शक्यता आहे असा अंदाज दिला. परराष्ट्र खात्यातील एका अधिकाऱ्याने या शब्दांचा नेमका अर्थ विचारला असता केंट यांनी हल्ल्याच्या बाजूने ६५ विरुद्ध ३५ असे प्रमाण सांगितले. अधिकारी चकित झाला, कारण त्याने शक्यता बरीच कमी समजली होती. मग केंट यांनी सहकाऱ्यांना विचारले. त्यांची उत्तरे २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पसरलेली होती. एकाच वाक्याला सर्वांनी संमती दिली होती, पण प्रत्येकाच्या मनातील अर्थ निराळा होता.

यावर उपाय म्हणून केंट यांनी प्रत्येक शब्दाला आकडा जोडला. जवळजवळ निश्चित म्हणजे सुमारे ९३ टक्के, संभाव्य म्हणजे सुमारे ७५ टक्के, समसमान म्हणजे सुमारे ५० टक्के अशी ती कोष्टकवजा पद्धत होती. अनेक सहकाऱ्यांनी ती स्वीकारली नाही. केंट यांनी त्यांना गमतीने कवी म्हटले आणि स्वतःच्या बाजूच्या लोकांना गणितज्ञ. याविषयीचा त्यांचा लेख १९६४ मध्ये स्टडीज इन इंटेलिजन्स या सी.आय.ए.च्या अंतर्गत नियतकालिकात आला. हे नियतकालिक १९५५ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाले होते.

क्यूबाविषयीचा अंदाज
१९६२ च्या उन्हाळ्यात सोव्हिएत शस्त्रे क्यूबामध्ये मोठ्या प्रमाणात उतरू लागली. १९ सप्टेंबर, १९६२ रोजी मंडळाने अंदाज दिला. क्यूबामध्ये क्षेपणास्त्रे ठेवल्यास सोव्हिएत संघाला बराच लष्करी लाभ होईल हे त्यात मान्य केले होते. मात्र अशी शस्त्रे त्याने पूर्व युरोपातील आपल्या अंकित देशांतही ठेवली नव्हती आणि अमेरिकेच्या प्रतिक्रियेचा धोका मोठा होता, म्हणून तो असे करण्याची शक्यता कमी मानली गेली. पहिली क्षेपणास्त्रे त्याआधीच काही दिवस बेटावर पोहोचू लागली होती.

सी.आय.ए.चे संचालक जॉन मॅककोन यांचे मत वेगळे होते. क्यूबामध्ये बसवलेली विमानविरोधी क्षेपणास्त्रे आणखी मोलाचे काहीतरी राखण्यासाठीच असणार, असे त्यांना वाटे. ते मधुचंद्रासाठी दक्षिण फ्रान्समध्ये असल्याने त्यांच्या शंका तारांद्वारे वॉशिंग्टनला येत राहिल्या. मॅककोन यांच्याकडे अधिक पुरावा नव्हता. त्यांनी फक्त ख्रुश्चेव्ह यांच्या जागी बसून विचार केला होता. १४ ऑक्टोबरच्या यू-२ उड्डाणातील छायाचित्रांत क्षेपणास्त्रे दिसली. त्यानंतर केंट ही छायाचित्रे फ्रान्सला दाखवण्यासाठी डीन अॅचिसन यांच्यासोबत पॅरिसला गेले.

केंट यांनी १९६४ मध्ये या अंदाजाची फेरतपासणी लिहिली. त्यांच्या मते विश्लेषणाची पद्धत योग्य होती आणि खरी चूक ख्रुश्चेव्ह यांनी केली, कारण त्यांनी अमेरिकेच्या प्रतिक्रियेचा अंदाज चुकवला. शेवटी क्षेपणास्त्रे मागे घ्यावी लागली, हे केंट यांच्या म्हणण्याला काही आधार देते. परंतु ख्रुश्चेव्ह धोका पत्करतील का, या प्रश्नाचे उत्तर वॉशिंग्टनच्या हिशेबातून मिळणारे नव्हते. क्षेपणास्त्रांच्या संख्येत अमेरिकेच्या मागे असणे, तुर्कस्तानात असलेली अमेरिकन ज्युपिटर क्षेपणास्त्रे आणि कॅस्ट्रो यांचे सरकार वाचवणे या गोष्टी मॉस्कोच्या हिशेबात मोठ्या होत्या. पूर्वीच्या वर्तनावरून नियम काढणाऱ्या पद्धतीत, तो नियम मोडण्याचे ठरवलेल्या नेत्याला जागा नव्हती.

उत्तरायुष्य
केंट १९६७ च्या अखेरीस निवृत्त झाले. १९७५ मध्ये फ्रान्समधील १८२७ च्या निवडणुकीवरील त्यांचे पुस्तक प्रकाशित झाले, म्हणजे तरुणपणीच्या विषयाकडे ते परतले होते. सी.आय.ए.ने २००० मध्ये विश्लेषकांसाठी सुरू केलेल्या प्रशिक्षण संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.