आईस्क्रीम वितळलं म्हणून होडीला मोटर लागली, पण त्या मोटरीला गियरच नव्हता

नांदगाव म्हटलं की लोकांना मनमाड-भुसावळ लाईनवरचं स्टेशन आठवतं, नाहीतर दुष्काळ. पण मालेगावपासून जळगावपर्यंतची तहान भागवणारं गिरणा धरण याच नांदगाव तालुक्यात आहे. आता कल्पना करा, अशा एखाद्या धरणाच्या मधोमध मागं मोटर लावलेली छोटी होडी आहे. हँडल पुढं ढकललं तरी होडी जागची हलत नाही. किंवा त्याहून वाईट, काठ जवळ आलाय, हँडल न्यूट्रलला आणलंय आणि होडी थांबायचं नावच घेत नाही.

अशा वेळी इंजिन बहुतेक ठणठणीत असतं. बिघडलेलं असतं ते गियरचं लिंकेज. लिंकेज म्हणजे वरच्या हँडलपासून पाण्यातल्या गियरपेटीपर्यंत जाणारी दांड्या, पिना आणि केबलची साखळी.

गंमत म्हणजे, ज्या माणसाने अशी मोटर घरोघरी पोहोचवली त्याला हा त्रास कधी झालाच नाही. कारण त्याच्या मोटरीला गियर टाकायची सोयच नव्हती. त्याचं नाव ओले एव्हिनरूड.

ओलेचा जन्म १८७७ सालचा, नॉर्वेतला. तो ५ वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत विस्कॉन्सिनला आलं. शाळा फार झाली नाही. वयाच्या सोळाव्या वर्षी गडी घर सोडून मॅडिसनला गेला आणि मशीन शॉपमध्ये कामाला लागला. पुढं पिट्सबर्ग, शिकागो असं कारखान्यांतून फिरत तो मिलवॉकीला स्थिरावला.

तिथंच त्याला बेस कॅरी भेटली. मुलगी हुशार, हिशोबाला पक्की. ओलेला लोखंड कळायचं, पण पत्रव्यवहार आणि वसुली म्हटलं की तो गडबडायचा. ती बाजू बेसने उचलली आणि १९०६ मध्ये दोघांनी लग्न केलं.

त्याच वर्षीचा किस्सा असा सांगितला जातो. तलावाच्या एका काठावर सहल चाललेली, दिवस उन्हाचे. बेसला आईस्क्रीम खावंसं वाटलं. दुकान पलीकडच्या काठावर, सुमारे ४ किलोमीटर लांब. ओलेने होडी काढली, वल्ही मारत गेला आणि वल्ही मारत परत आला. तोवर आईस्क्रीमचं पाणी झालेलं.

होडीला मागं अडकवायची मोटर त्याच्याआधीही काहींनी बनवली होती. कॅमेरॉन वॉटरमन तर ती विकतही होता. पण ओलेने बसवलेली मांडणी टिकली. इंजिन वर आडवं, त्यातून सरळ खाली पाण्यात जाणारा दांडा आणि तळाशी काटकोनात वळवणारे दोन गियर, ज्यांच्यावर पंखा फिरतो. बेसला ते यंत्र पहिल्यांदा पाहिल्यावर कॉफी दळायच्या जात्यासारखं वाटलं होतं.

१९०९ मध्ये मोटर बाजारात आली. ताकद दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पौंड म्हणजे साधारण २८ किलो, आणि किंमतही ६२ डॉलर. जाहिरात बेसने लिहिली, वल्ही फेकून द्या अशा अर्थाची. उत्तर युरोपातल्या मच्छीमारांपर्यंत माल गेला.

पण चालवायला ती मोटर म्हणजे जनावरच. फ्लायव्हीलची मूठ धरून हाताने फिरवायची, इंजिन पकडलं की होडी त्याच क्षणी निघाली. उभं राहायचं तर इंजिन बंद करा. मागं जायचं तर टू-स्ट्रोक इंजिन उलट्या दिशेने सुरू करा.

धंदा जोरात असतानाच बेसची तब्येत ढासळली. ओलेने १९१४ च्या सुमारास आपला हिस्सा भागीदार ख्रिस मेयरला विकला. अट अशी की ५ वर्षं या धंद्यात पाऊल टाकायचं नाही. कारखाना गेला आणि त्यावरचं आपलं नावही गेलं. नवरा-बायको मुलाला घेऊन हवापालटासाठी फिरत राहिले.

फिरतानाही डोकं चालूच होतं. ओलेने ॲल्युमिनियमची, दोन सिलिंडरची हलकी मोटर आखली. ताकद जुनीच्या दुप्पट, वजन मात्र सुमारे २२ किलो. मुदत संपल्यावर आधी मेयरलाच दाखवली. मेयर नको म्हणाला. धंद्यातल्या महागड्या नकारांमध्ये हा नकार बराच वर लागेल. स्वतःचंच नाव वापरता येत नसल्याने नव्या कंपनीला नाव दिलं एल्टो, आणि १९२१ पासून तो आपल्याच नावाच्या कंपनीशी स्पर्धा करू लागला. १९२९ मध्ये एल्टो, एव्हिनरूड आणि लॉकवूड एकत्र आल्या आणि प्रमुखाच्या खुर्चीत पुन्हा ओले बसला.

पण लगेच महामंदी आली. १९३३ मध्ये बेस गेली आणि जुलै १९३४ मध्ये ५७ व्या वर्षी ओलेही गेला. मुलगा राल्फने धंदा सांभाळला.

पुढं १९३६ मध्ये जॉन्सन ही मोटर कंपनीही याच समूहात आली. १९४९ मध्ये जॉन्सनने १० हॉर्सपॉवरची मोटर काढली, तिला फॉरवर्ड, न्यूट्रल, रिव्हर्स असे तिन्ही गियर होते. तळाशी समोरासमोर दोन गियर सतत उलटसुलट फिरतात, मधे दातेरी क्लच असतो. हँडल हलवलं की लिंकेज त्या क्लचला पुढच्या नाहीतर मागच्या गियरमध्ये सरकवतं. मधोमध राहिला की न्यूट्रल.

म्हणून लिंकेजच्या पिना झिजल्या, केबल ताणली गेली की वर न्यूट्रल दिसतं आणि खाली क्लच अर्धवट अडकलेला असतो. तसंच रेटत राहिलं तर दातांचे कोपरे गोल होतात, मग जोर दिला की गियर निसटतो. तिथवर गेलं की गियरपेटी खोलावी लागते. वेळीच पाहिलं तर काम स्वस्तातलं आहे. आधी प्लगची वायर काढायची, म्हणजे इंजिन चुकून सुरू होणार नाही. झिजलेली पिन, बुश बदलायचे. खाली पंखा दोन्ही बाजूंना हाताने मोकळा फिरतोय, म्हणजे खरं न्यूट्रल, हे बघायचं. मग हँडलही न्यूट्रलवर ठेवून दांडीची किंवा केबलची लांबी त्याला जुळवायची आणि स्प्लिट पिन नवीनच टाकायची. बंद इंजिनावर गियर टाकून बघताना पंखा हाताने जरा फिरवत राहायचा, नाहीतर दात दातावर येऊन बसतात आणि हँडलवर जोर काढला की लिंकेजच वाकतं.