कोकणचे गांधी : कै. अप्पासाहेब पटवर्धन

गावात एखादा उत्सव पार पडला, की दुसऱ्या दिवशी त्याचा वृत्तान्त लिहिला जातो. पाहुणे कोण होते, देणगी किती जमली, किती पंगती उठल्या, याची नोंद होते. मात्र पंगत उठल्यावर पत्रावळी कोणी उचलल्या, मंडपामागील घाण कोणी काढली, याची नोंद कोणत्याही अहवालात सापडत नाही. सार्वजनिक जीवनाच्या जमाखर्चातील ही न लिहिलेली बाजू ज्या महापुरुषाने आयुष्यभर स्वतःच्या हातांनी लिहिली, ते म्हणजे कै. सीताराम पुरुषोत्तम उर्फ अप्पासाहेब पटवर्धन. सिंधुदुर्गवासीयांनी त्यांना ‘कोकणचे गांधी’ या नावाने गौरविले.

अप्पासाहेबांचा जन्म १८९४ साली रत्नागिरी जिल्ह्यातील आगरगुळे या गावी एका ब्राह्मण कुटुंबात झाला. कुशाग्र बुद्धी आणि उच्च शिक्षण यांच्या बळावर मानाची नोकरी व सुखासीन संसार त्यांना सहज साध्य होता. परंतु तरुण वयातच महात्मा गांधींच्या विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. साबरमती आश्रमाच्या संस्कारांतून तावूनसुलाखून निघालेल्या या तरुणाने कोकणात परतून रत्नागिरी जिल्हा हेच आपले कार्यक्षेत्र मानले. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा रत्नागिरीचाच भाग होता. तो स्वतंत्र झाला १ मे १९८१ रोजी. खादी, अस्पृश्यतानिवारण आणि सफाई ही त्यांच्या कार्याची त्रिसूत्री होती. मे १९३० मध्ये वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडे येथे मिठाचा सत्याग्रह झाला, त्यातही ते अग्रभागी होते.

त्या काळच्या गावांची स्थिती आजच्या पिढीला सांगूनही खरी वाटणार नाही. बंदराच्या आणि बाजारपेठेच्या गावांत पाटीचे संडास असत. पहाटेच्या अंधारात एका विशिष्ट जातीची माणसे मागच्या दाराने येत, मैला पाटीत भरून डोक्यावरून वाहून नेत आणि उजाडल्यावर त्याच माणसांची सावलीही लोकांना चालत नसे. कोकणातील मुसळधार पावसात ती पाटी डोक्यावर गळत असे. घर शुद्ध ठेवणाऱ्यालाच समाजाने अशुद्ध ठरविले होते. अप्पासाहेबांनी यावर केवळ व्याख्याने दिली नाहीत. काम हलके नाही, त्या कामाला जन्माशी बांधणारी व्यवस्था हलकी आहे, हे दाखविण्यासाठी त्यांनी स्वतः झाडू आणि पाटी हाती घेतली.

या निष्ठेची खरी कसोटी लागली ती कारागृहात. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात राजबंदी असताना त्यांनी सफाईचे काम आपल्याला मिळावे अशी मागणी केली. तुरुंगात ही कामे जातीनुसार वाटली जात, म्हणून उच्चवर्णीय कैद्याला ते काम देण्यास अधिकाऱ्यांनी नकार दिला. अन्य कैदी कष्टाचे काम टळावे म्हणून विनवण्या करीत. अप्पासाहेबांनी मात्र सर्वांत अप्रिय काम मिळावे म्हणून अन्नत्यागाचा मार्ग पत्करला. ही वार्ता येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींपर्यंत पोहोचली. पुणे करारापूर्वीच्या त्यांच्या उपोषणाला अद्याप तीन महिनेही झाले नव्हते. तरीही डिसेंबर १९३२ मध्ये आपल्या या सहकाऱ्यासाठी त्यांनी पुन्हा उपोषण आरंभिले. सरकारला या प्रश्नाचा फेरविचार करण्याचे आश्वासन द्यावे लागले आणि मगच ते उपोषण सुटले. कोकणातील एका कार्यकर्त्याच्या हातातील झाडूने ब्रिटिश सरकारच्या तुरुंगातील नियमांना हात घातला होता.

स्वातंत्र्यप्राप्तीनंतर अनेक जण सत्तेच्या वाटेने गेले. अप्पासाहेब मात्र कणकवलीजवळ गड नदीच्या परिसरात रमले. १९४८ साली तेथे गोपुरी आश्रमाची स्थापना झाली. केवळ माणसे बदलून पाटी डोक्यावरून उतरणार नाही, त्यासाठी संडासच बदलला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. त्यातून ‘गोपुरी संडास’ आकारास आला. त्याची रचना साधी होती. दोन कप्पे करावयाचे. एक वापरात असताना मैल्यावर माती, राख, पालापाचोळा टाकत राहावयाचे. तो भरला की झाकून दुसरा वापरावयाचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातील मैल्याचे दुर्गंधीरहित सोनखत तयार झालेले असे आणि ते शेताला देता येई. ना पाटी, ना डोक्यावरचे ओझे, ना माश्या. ज्याला जग घाण म्हणून टाकते, त्यातही शिल्लक दडलेली आहे, असा हा चोख व्यवहार होता. गोबर गॅसचे प्रयोगही त्यांनी याच दृष्टीने केले.

गोपुरीचे आणखी एक कार्य जैन समाजाने विशेष विचारात घ्यावे असे आहे. मृत जनावरे ओढणे आणि त्यांचे कातडे सोडविणे हे कामही एका जातीच्या माथी मारले गेले होते. अप्पासाहेबांनी हे काम स्वतः शिकून घेतले आणि मृत जनावरांच्या कातड्याचा उद्योग आश्रमात उभा केला. अहिंसाव्रती समाजाला हा विषय ऐकतानाच संकोच वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पायात चामड्याची वहाण आणि कमरेला चामड्याचा पट्टा वापरणाऱ्याने, ते चामडे मारलेल्या जनावराचे की आपोआप मेलेल्या जनावराचे, हा प्रश्न स्वतःला विचारावयास नको काय? वस्तू वापरावयाची आणि तिच्यामागील हिंसेचा व श्रमाचा हिशेब दुसऱ्याच्या खात्यावर टाकावयाचा, ही अहिंसा अपुरी आहे, हेच त्यांचे जीवन सांगत होते.

जैन आचारात साधूसाठी पाच समिती सांगितल्या आहेत. त्यांतील पाचवी उत्सर्ग समिती, म्हणजे मलमूत्रादींचे विसर्जनही कोणत्याही जीवाला पीडा न होईल अशा ठिकाणी, अशा सावधपणे करणे. आपल्या विसर्जनामुळे सूक्ष्म जीवालाही त्रास होऊ नये असे शिकविणाऱ्या धर्माने, त्यामुळे एका जिवंत माणसाची मान आयुष्यभर वाकलेली राहावी हे कसे मान्य करावे? अप्पासाहेब जन्माने जैन नव्हते. पण अपरिग्रह, स्वावलंबन आणि जीवदया यांचा त्यांनी आचरलेला अर्थ प्रत्येक श्रावकाला अंतर्मुख करणारा आहे.

त्यांना विरोध झाला नाही असे नाही. जातीच्या चौकटीत वाढलेल्या गावाला त्यांचे वागणे चमत्कारिक वाटणे साहजिक होते. ज्यांनी त्यांच्याविषयी आदर बाळगला, त्यांतीलही थोड्यांनीच झाडू हाती धरला. नमस्कार करणे सोपे, अनुकरण कठीण. ‘माझी जीवनयात्रा’ या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या वाटचालीची नोंद ठेवली आहे. मार्च १९७१ मध्ये ही जीवनयात्रा संपली.

हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा १९९३ साली झाला आणि २०१३ साली अधिक व्यापक कायदा करावा लागला. अप्पासाहेबांनी रत्नागिरीच्या तुरुंगात केलेल्या मागणीनंतर देशाला त्यासाठी सहा दशके लागली आणि तरीही गटारात उतरून माणसे दगावल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत.

सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी दात्यांचा, कार्यकर्त्यांचा सत्कार होणे उचितच आहे. त्याबरोबरच मंडप उतरल्यावर शेवटची पत्रावळ उचलणाऱ्या हातांनाही समाजाने आपले मानले, आणि त्या हातांत आपलेही दोन हात मिसळले, तर कोकणच्या या कर्मयोग्याला ती खरी आदरांजली ठरेल. त्यांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन!