ओटो लोवी आणि दोन बेडकांची हृदये

घाबरल्यावर छाती का धडधडते, असं मुलांनी विचारलं तर लोवींची गोष्ट सांगाच. जन्म १८७३, फ्रँकफुर्ट. १९२१ साली ग्राझमध्ये त्यांना प्रयोग चक्क झोपेत सुचला. टिपलेलं सकाळी वाचताच येईना! पुढच्या रात्री पुन्हा सुचला, तसे ते उठून प्रयोगशाळेतच गेले. बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेता उत्तेजित केली, तिथलं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं. तेही मंदावलं! गती वाढवणाऱ्या चेतेचं द्रावण देताच धडधड वाढली. म्हणजे चेता रसायनातून निरोप देते. बेडकात हे गतिवर्धक रसायन ॲड्रेनॅलिन निघालं. त्याने हृदयपेशींचे कॅल्शियम मार्ग अधिक उघडतात, हे मात्र पुढच्यांनी शोधलं. १९३६ला हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल. १९३८मध्ये ज्यू म्हणून नाझींनी कैदेत टाकलं. बक्षिसाची रक्कम त्यांच्या घशात घातल्यावरच देश सोडता आला. १९४०पासून ते न्यूयॉर्कला शिकवत होते, १९६१मध्ये तिथेच वारले.