सुभेदार रामजीबाबांचा माग आणि आपल्या ट्रंकेतले कागद

कर्जत आणि खालापूर हा बोरघाटाच्या पायथ्याचा मुलूख. १८३० मध्ये या घाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ मध्ये रेल्वे घाट चढून वर गेली. मुंबईहून पुण्या-खडकीच्या छावणीकडे जाणारी फौज याच वाटेने जात असे. या भागातील आपल्या वस्त्यांत आजही म्हातारी माणसे सांगतात की आपला पणजा पलटणीत होता. कोणती पलटण, कोणते साल, हुद्दा कोणता, असे विचारले की मात्र सारे गप्प होतात. पराक्रम केला आपल्या पूर्वजांनी, पण त्याची दफ्तरे राहिली सरकारच्या हाती. म्हणून आज आम्ही एका शिपायाच्या घराण्याचा माग वाचकांपुढे ठेवत आहोत. ते घराणे आहे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे, म्हणजेच बाबासाहेबांचे.

रामजीबाबांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील मालोजी मुंबई फौजेत होते. रामजीही १८६६ च्या सुमारास फौजेत दाखल झाले. इथेच पहिले कोडे समोर येते. त्यांच्या तुकडीचे नाव अनेक ठिकाणी १०६ सॅपर्स अँड मायनर्स असे छापलेले आढळते. पण त्या काळी मुंबई फौजेतील पायदळ पलटणींचे क्रमांक तिशीच्या पुढे गेलेले नव्हते. १९०३ मध्ये लष्कराची फेररचना झाली, तेव्हा मुंबईच्या पलटणींच्या जुन्या क्रमांकात शंभर मिळवले गेले. सातवी पलटण त्या वर्षी एकशे सातवी झाली. मुंबईच्या सॅपर्सना तर तिसरी सॅपर्स असे नाव मिळाले. १०६ हा क्रमांक १९०४ मध्ये क्वेट्ट्याला उभारलेल्या हजारा पायोनियर्सच्या वाट्याला आला. रामजीबाबा त्याच्या दहा वर्षे आधीच निवृत्त झालेले होते. पुढच्या काळातला आकडा कुणीतरी मागे ओढला असावा, असे आम्हाला वाटते. आपल्याकडे एकाने लिहिले की दहा जण तेच उतरवतात. महापुरुषाच्या वडिलांची ही गत, तर तुमच्या-आमच्या पणजोबांचे काय?

दुसरे कोडे हुद्द्याचे. चौदा वर्षे लष्करी शाळेत मुख्याध्यापकी करणारा मास्तर सुभेदार-मेजर कसा झाला? पलटणीत हिंदी माणसाला मिळणारा हा सर्वात वरचा हुद्दा होता. याचे उत्तर शिक्षणात आहे. त्या काळच्या फौजेत शिपायांच्या मुला-मुलींना शिक्षण सक्तीचे होते आणि त्यासाठी मास्तरही फौजेतूनच तयार केले जात. रामजीबाबा पुण्याच्या नॉर्मल स्कूलमधून शिकून निघाले आणि मास्तर झाले. गावच्या शाळेच्या पायरीवरही ज्यांना उभे राहू दिले जात नव्हते, त्यांच्या घरातल्या बायकाही पलटणीच्या शाळेमुळे लिहू-वाचू लागल्या. महात्मा फुल्यांना मानणारा, कबीरपंथी, इंग्रजी जाणणारा हा सुभेदार त्या शाळेतून घडला. बाबासाहेबांच्या विद्याव्यासंगाची मुळे शोधायची असतील तर ती इथेच सापडतात.

तिसरा धागा माता भीमाईंचा, आणि तो आमच्या कर्जतच्या अगदी शेजारी येतो. भीमाई मुरबाडकर घराण्यातल्या. कर्जत तालुक्याच्या उत्तरेला लागूनच मुरबाड आहे. त्यांचे वडील आणि चुलते फौजेत सुभेदार-मेजर होते, असे चरित्रकार सांगतात. आता नावे पाहा. मुरबाडकर हे गावावरून पडलेले आडनाव. सकपाळ हे कुळाचे. आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत रामजीबाबांच्या धाकट्या मुलाचे नाव दाखल झाले, तेव्हा रजिस्टरवर भिवा रामजी आंबेडकर असे लिहिले गेले. एकाच घराची ही तीन नावे. कोरेगावच्या विजयस्तंभावर तर आपल्या शूरांची नावे नाक या शेवटाने कोरलेली आहेत, त्यात आजचे एकही आडनाव सापडणार नाही. आडनाव धरून शोधणारा वाट चुकतो. गाव धरून शोधावे लागते.

गावाचीही एक मेख आहे. कर्जत आणि त्याखालचे खालापूर १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, त्या वर्षी ते कुलाब्यात आले, आणि कुलाब्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. त्यामुळे १८६६ मध्ये भरती झालेल्या कर्जतच्या शिपायाची नोंद रायगडच्या नावाखाली शोधणारा रिकाम्या हाताने परत येईल.

१८९१ च्या १४ एप्रिलला महूच्या छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला आणि लगेच १८९२ मध्ये सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. लढाऊ जमातींचा नवा सिद्धान्त निघाला होता. कोरेगावच्या खांबावर ज्यांची नावे सरकारनेच कोरली, तेच आता लढाऊ नाहीत असे ठरले! रामजीबाबा स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांकडून अर्ज लिहून घेऊन सरकारकडे दाद मागितली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांनीही याच प्रश्नावर अर्ज तयार केला. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठवले. या सर्वांचा पुरावा एकच होता, तो म्हणजे आपल्या पूर्वजांच्या सेवेच्या नोंदी. १९१७ मध्ये महार पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये ती मोडली गेली आणि १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. ज्या कागदाने आपल्याला नाकारले गेले, त्याला आपण कागदानेच उत्तर दिले.

निवृत्तीनंतर रामजीबाबा दापोलीला आले, मग साताऱ्यात सरकारी नोकरीला लागले. १८९६ मध्ये भीमाई गेल्या. चौदा अपत्यांपैकी पाचच जगली. १९०१ मध्ये ते खटाव तालुक्यातील गोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल असताना मुले त्यांना भेटायला निघाली. त्यांचे पत्र वेळेवर पोहोचले नव्हते. मसूर स्टेशनावर जात कळताच एकही गाडीवान मुलांना बसवून न्यायला तयार होईना. सुभेदार-मेजराची मुले वाटेत पाण्यावाचून राहिली. सरकारी कागदावर हुद्दा होता, पण मसूरच्या स्टेशनात त्याची किंमत शून्य झाली. तरी हा बाप खचला नाही. मुलाला मुंबईत शिकवले, पुस्तकांसाठी लेकींकडून पैसे घेतले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांनी देह ठेवला. तेव्हा मुलगा बी.ए. झालेला होता आणि त्याच वर्षी तो अमेरिकेला गेला.

बांधवांनो, हा माग आम्ही केवळ अभिमानासाठी मांडलेला नाही. आज जात पडताळणीसाठी आपल्या मुलांकडून १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. तेव्हा शाळेचे जनरल रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंद असलेले कोतवाल बुक, महार वतनाच्या जमिनीचे उतारे आणि पणजोबांच्या पेन्शनचे कागद हेच कामी येतात. पुराव्याअभावी प्रवेश हुकलेल्या मुलाचे वर्ष कुणी परत देत नाही. म्हणून कर्जत-खालापूरच्या प्रत्येक विहारात एक वही ठेवा. प्रत्येक घराने आपले मूळ गाव, जुने आडनाव, शिपायाचे नाव आणि हाती असलेला कागद तिच्यात नोंदवावा. जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणून लिहावे, जे कागदावर आहे ते कागदाच्या तारखेसह लिहावे. घरातली पदके भंगारात जाऊ देऊ नका. ट्रंकेतला कागद वाळवीच्या आधी आपल्या हातात आला पाहिजे. ज्यांनी घाट चढून पलटणीत जाऊन आपल्याला अक्षर दिले, त्यांचे नाव तरी आपण शुद्ध लिहावे. जय भीम!