विश्लेषण : जनावराच्या खुरातला जंतू कोणी शोधला? कोण होते फ्रीडरिश लोफलर?

मलकापूर (ता. कराड) परिसरात चिखलाच्या दिवसांत बैल किंवा म्हैस लंगडू लागली, की गोठ्यात पहिला प्रश्न येतो : खूर सडला, की लाळ्या-खुरकूत आली? पहिला रोग जिवाणूचा, दुसरा विषाणूचा. दोन्हींच्या शोधात एका जर्मन शास्त्रज्ञाचे नाव येते.

लोफलर कोण?
जन्म २४ जून १८५२. वडील लष्करी डॉक्टर. वैद्यकीचे शिक्षण घेऊन लोफलर बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांचे सहकारी झाले. १८८२ मध्ये त्यांनी घोड्यांच्या ग्लँडर्स रोगाचा जिवाणू ओळखला. १८८४ मध्ये घटसर्पाच्या जिवाणूवरचे संशोधन प्रसिद्ध केले. हा जिवाणू काही रुग्णांत सापडला नाही आणि एका निरोगी मुलात सापडला, हेही त्यांनी लपवले नाही.

खुराशी संबंध काय?
त्याच सुमारास वासरांच्या घशातील रोगात त्यांना एक लांबट, तंतूसारखा जिवाणू दिसला. हवेतील प्राणवायू त्याला सोसत नाही. पुढे डेन्मार्कचे पशुवैद्य बर्नहार्ड बँग यांनी खूर सडण्याच्या रोगाशी त्याचा संबंध जोडला. आज तो ‘फ्युसोबॅक्टेरियम नेक्रोफोरम’ म्हणून ओळखला जातो.

मग लाळ्या-खुरकूत?
१८९७ मध्ये सरकारने हे काम लोफलर आणि पॉल फ्रॉश यांच्याकडे सोपवले. जिवाणू काही सापडेना. त्यांनी फोडांतील द्रव जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला आणि वासरांना टोचला. तरीही रोग झाला. एका जनावरातून दुसऱ्यात नेत गेले, तरी त्याची ताकद कमी होईना. म्हणजे ते नुसते विष नव्हते, वाढणारे काहीतरी होते. १८९८ मध्ये जाहीर झालेला हा प्राण्यांमधील पहिला विषाणू ठरला.

किंमत कोणी मोजली?
ग्राइफ्सवाल्डजवळच्या प्रयोगांतून रोग आसपासच्या जनावरांत पसरला आणि १९०७ मध्ये काम थांबवावे लागले. १९१० मध्ये ते बाल्टिक समुद्रातील रीम्स बेटावर पुन्हा सुरू झाले. लोफलर ९ एप्रिल १९१५ रोजी वारले. त्या बेटावरील संशोधन संस्था आज त्यांच्याच नावाने चालते.

पशुपालकाने काय लक्षात घ्यावे?
खूर सडताना बहुधा एकाच पायाला सूज आणि दुर्गंधी येते. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्रतिजैविक लागू पडते. लाळ्या-खुरकुतीत तोंडातही फोड येतात, लाळ गळते आणि रोग गोठाभर पसरतो. तिथे प्रतिजैविक विषाणूला मारत नाही. खरा बचाव वेळेवर दिलेली लस. २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ती मोफत मिळते. मात्र ही लस सडणारा खूर वाचवत नाही. तिथे कोरडा, स्वच्छ गोठाच कामी येतो.